लेकीचं बोट धरून भुईकोटात

शनिवार सकाळ, काष्टी

काष्टीला शनिवारीच या. दौंडहून निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात तुम्ही दौंड–मनमाड लोहमार्गावरच्या या लहानशा स्टेशनात उतरता. हा मार्ग १८७८ साली सुरू झाला, मोठा दुष्काळ नुकता सरत होता तेव्हा. बाहेर माघातला गारवा अजून आहे. उसाच्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागल्या आहेत आणि गावात जनावरांचा बाजार भरू लागला आहे. तुमच्या हातात सहा वर्षांच्या लेकीचं बोट आहे. पुढे आबा चालले आहेत. त्यांचं सगळं आयुष्य याच पट्ट्यात गेलं, त्यामुळे वाट दाखवायचं काम त्यांचं.

बाजारात जरा रेंगाळा. घाई करू नका. शिंगांना हिंगूळ लावलेली, घुंगुरमाळा घातलेली एक खिलार जोडी उभी आहे. मालक आणि दलाल एका रुमालाखाली हात घालून गप्प उभे आहेत.

"आबा, ते हात धरून का उभे आहेत?"

"भाव चाललाय बाळा. तोंडानं बोलायचा नाही, बोटांनी बोलायचा. बाजूच्याला कळता कामा नये."

लेक टक लावून रुमालाकडे बघते. एकदा रुमाल हलतो, दलाल मान हलवतो, मालक हात सोडवून घेतो, पुन्हा घालतो.

तुमच्या लेकीच्या डोक्यातला किल्ला दिवाळीतला आहे. अंगणात दगडमातीचा ढीग, त्यावर गेरू, माथ्यावर महाराज, दारात दोन मावळे, पायथ्याशी हळीव पेरून केलेलं हिरवंगार शेत. त्या किल्ल्यात कोणी जेवत नाही, कोणाला तहान लागत नाही, कोणाचं बाळ रडत नाही. आज आणि उद्या तुम्ही तिला दोन खरे भुईकोट दाखवणार आहात. म्हणून सुरुवात इथून, बैलांपासून. तिला सांगून ठेवा: तोफा बैल ओढायचे. फौजेचं धान्य बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून आणायचे. आपण जातोय त्या किल्ल्याच्या दारात असा बाजार रोज भरायचा.

"मग तिथे बैलांना पाणी कोण द्यायचं?"

हा प्रश्न जपून ठेवा. त्याचं उत्तर पेडगावला आहे.

तेरावं शतक, पेडगाव

श्रीगोंदा मागे पडतं. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांचं हे गाव, शिंदे सरकारांचंही. इथून दक्षिणेला भीमेच्या दिशेनं उतरलात की पेडगाव येतं. घरात लेक ऐकून न ऐकल्यासारखं करते तेव्हा आजी तिला म्हणते, वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. ते पेडगाव खरंच आहे, नकाशात आहे, त्याला वेस आहे आणि वेशीत कुत्री झोपलेली आहेत, हे बघून तिला हसू आवरत नाही.

हा भुईकोट. चढ नाही, दम लागत नाही, कड्यावरून पाय घसरायची भीती नाही. लहान मुलाला पहिला किल्ला दाखवायचा तर असाच दाखवावा. राजगड, तोरणा थांबतील. पाय थोडे मोठे होऊ द्या.

किल्ल्यात शिरण्याआधी भैरवनाथाचं देऊळ लागतं. तिथे वीरगळ आहेत. त्यांच्यासमोर लेकीला उकिडवी बसवा आणि सांगा की हा दगड खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई: ढाल, तलवार, पडलेला माणूस. कित्येक वीरगळांवर या पट्टीत गाईगुरंही दिसतात, कारण गावाची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना माणूस मेलेला असतो. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्या आहेत. वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर याची आठवण राहो. लेक बोट खालून वर नेते, पुन्हा खाली आणते. "बैलांसाठी लढला?" ती विचारते. सकाळची खिलार जोडी तिच्या डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे तिला यात काहीच नवल वाटत नाही.

आता लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे चला. आणि इथे थांबा, कारण इथे वर्ष बदलतं.

देवगिरीवर यादवांचं राज्य आहे. भुईकोटाचा अजून पत्ता नाही. समोर भीमा वाहते आहे, तिच्या काठावर काळ्या पाषाणाचे चिरे पडले आहेत आणि छिन्नीचा आवाज सकाळपासून थांबलेला नाही. पाथरवट खांबावर ओणवा झाला आहे. दोन चिऱ्यांमध्ये चुना नाही. एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसेल असं कुसू. दगडाचं वजनच दगडाला धरून ठेवणार. बाहेरच्या भिंतीवर एक सुरसुंदरी अर्धीच घडली आहे: चेहरा आला आहे, पाय अजून दगडात आहेत. कपचे उडून खाली पडतात आणि पाथरवटाची पोरं ते वेचून त्यांचं घर मांडतात. तुमची लेक त्यांच्यात जाऊन बसते. त्यांची मराठी आणि तुमची मराठी पुरती एक नाही, तरी "दे" आणि "माझं" कळायला काही अडत नाही.

परत या. आज त्या खांबांवर हात फिरवलात तर दगड गार लागतो. काही मूर्तींचे चेहरे नाहीत. लेक विचारेल, कुणी तोडले? सांगा: माणसांनी. आणि लगेच पुढचं सांगा: घडवले तेही माणसांनीच. घडवायला वर्षं लागली, तोडायला घटका पुरली. हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून कळत नाही, तुटक्या नाकावर बोट ठेवलं की कळतं.

१६७४, पावसाळा

औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश दख्खनचा सुभेदार होऊन येतो आणि १६७३च्या सुमाराला इथे तळ देतो. जागा हेरून निवडलेली आहे: दौंडच्या पूर्वेला साधारण तेरा किलोमीटर, भीमेचा उत्तर काठ. नदीच्या उताराची वाट नजरेखाली राहते आणि फौजेला बारमाही पाणी मिळतं. दर पावसाळ्याला छावणी इथेच पडू लागते. तंबूंभोवती भिंती येतात, भिंतींचा तट होतो, बाजार वसतो, आणि बादशहाच्या परवानगीनं ठाण्याला खानाचं नाव मिळतं: बहादूरगड. पुढची सुमारे चाळीस वर्षं मोगलांचं हे दख्खनमधलं मोठं ठाणं.

लेकीला घेऊन नदीकडच्या अंगाला जा. तिथे उंच दगडी बांधकाम उभं आहे, हत्तीमोटेचं. आता सकाळच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली. पण ते तुम्ही देऊ नका, आबांना देऊ द्या. त्यांनी तरुणपणी मोट हाकलेली आहे.

"हे बघ, चामड्याची मोठी पिशवी, ती मोट. तिला वर नाडा बांधायचा, जाड दोर. नाडा चाकावरून जायचा आणि बैलांच्या मानेवर. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट वर यायची. मोटेला खाली लांब तोंड असतं, त्याला म्हणायचं सोंड. वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं, थारोळ्यातून पाटात."

"मोटेला सोंड?"

"हां. आणि इथे तर ओढायला बैल नव्हते, हत्ती होते. म्हणजे दोन सोंडा."

आता बघा. पावसाळा आहे, नदी गढूळ आहे. माहुताच्या हाकेबरोबर हत्ती पाऊल टाकतो, नाडा ताणला जातो, चाक करकरतं. आठ बैलांना जड जाईल एवढी मोट एका दमात वर येते आणि पाणी धो धो थारोळ्यात कोसळतं. तिथून खापरी नळांतून ते वाड्यांकडे, हौदांकडे जातं. तुमची लेक ओंजळ पुढे करते. भिश्ती तिला हटकत नाही. त्याच्या पखालीत पाणी भरून होईतो दोघं एकमेकांकडे बघत उभी राहतात.

किल्ला चालतो तो या पाण्यावर. खानाचे वाडे नदीच्या काठावर आहेत, त्यांच्या सज्जांतून भीमा दिसते. पण सज्जातला माणूस दोन दिवस नसला तरी चालेल, हत्तीमोटेवरचा माणूस एक दिवस नसून चालणार नाही. लेकीला राजांची नावं नंतर कळतील. हे आधी कळू द्या.

जुलैचा मध्य उजाडतो. रायगडावर ६ जूनला शिवाजीराजांचा राज्याभिषेक झाला, त्याला दीड महिनाही लोटलेला नाही. तुम्ही छावणीच्या बाजारात उभ्या आहात. अचानक नगारे वाजतात: मराठ्यांची दोन हजारांची तुकडी दिसली! खान फौज घेऊन मागे लागतो. तुकडी लढत नाही, पळते. खान पाठलाग करतो, ती आणखी पळते. असं करत त्यांनी खानाला पन्नास मैल लांब नेलं. इकडे छावणीत उरले आहेत बाजारबुणगे, भिश्ती, आजारी शिपाई. आणि दुसऱ्याच वाटेनं मराठ्यांचे सात हजार स्वार येतात. खजिना उचलतात, बादशहाला नजर करायला राखलेले दोनशे घोडे सोडून नेतात, तंबूंना आग लावतात. लूट एक कोटीची होती, असा त्या काळातला अंदाज आहे.

लेक टाळ्या पिटते. पिटू द्या, युक्ती खरोखरच देखणी आहे. दोन क्षणांनी ती विचारते, "आणि तो पाणीवाला काका?"

हा प्रश्न टाळू नका. त्याच्याशी कुणाचं भांडण नव्हतं, हे सांगा. लढाया मोठी माणसं ठरवतात आणि त्यांच्या आजूबाजूला नेहमीच असे पाणीवाले काका असतात, हेही सांगा. त्यानं महाराजांचा पराक्रम तिच्या मनात उणा होत नाही. उलट, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असं बजावणारा राजा का मोठा, हे तिला आणखी काही वर्षांनी बरोबर समजेल.

१५ फेब्रुवारी १६८९

इथे लेकीला नेऊ नका. बाभळीच्या सावलीत आबांनी सुडकं सोडलं आहे: बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तिला त्यांच्याजवळ बसवा आणि या वर्षात तुम्ही एकट्याच जा.

छावणी कित्येक कोस पसरली आहे. बादशहा स्वतः इथे आहे. १ फेब्रुवारीला संगमेश्वरात मुकर्रबखानानं छत्रपती संभाजीराजांना आणि कवी कलशांना अवचित गाठून पकडलं. सोबत माणसं थोडी होती. सह्याद्री ओलांडून कैद्यांना इथवर आणलं आहे. आज त्यांना छावणीतून फिरवणार आहेत.

गर्दी दुतर्फा उभी आहे. नगारे, कर्णे. उंट दिसतात. उंटांवर बांधलेले दोघे: डोक्यावर लाकडी टोप, त्यांना घंटा, अंगावर विदूषकाचे कपडे. उंटाच्या प्रत्येक पावलाला घंटा वाजतात. तुमच्या शेजारी कुणी हसतं आहे, कुणी मान खाली घातली आहे. ज्या राजानं सात वर्षं या बादशहाला दख्खनमध्ये अडकवून ठेवलं, त्याची आज धिंड आहे. वय बत्तीस पुरं होत आलेलं.

दरबारात बादशहा तख्तावरून खाली उतरतो आणि गालिचावर गुडघे टेकून अल्लाचे आभार मानतो. राजे मान झुकवत नाहीत. मग ते सुरू होतं, जे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे: डोळे, जीभ, पुढचे छळ. इथून छावणी हलते, त्याच भीमेच्या काठानं वर, तुळापूर-वढूच्या परिसरात. तिथे ११ मार्च १६८९.

परत या. ज्या जागी राजांना बांधून ठेवलं असं लोक सांगतात, तिथे आता स्मारकाचा स्तंभ आहे. गडालाही लोक आता धर्मवीरगड म्हणतात. लोक येतात, चपला काढतात, फूल ठेवतात. लेक भाकरीचा तुकडा हातात घेऊन धावत येते आणि तुमचा चेहरा बघून विचारते, "आई, इथे काय झालं?"

खरं सांगा. तिच्या मापाचं सांगा, पण खरं सांगा.

"इथे आपल्या राजांना पकडून आणलं होतं. संभाजीराजांना."

"त्यांना त्रास दिला?"

"हो. फार."

"ते घाबरले?"

"ते झुकले नाहीत."

"मग सोडलं?"

"नाही सोडलं. मारलं."

ती गप्प होते. छळाचे तपशील आज नकोत. ते पुढे वाचनात येतील, तेव्हा ते पेलायला तिचं वयही असेल. आज तिला देण्यासारखं आणखी एक खरं तुमच्याजवळ आहे.

"त्यांना एक मुलगा होता. शाहू. तेव्हा तो तुझ्याएवढा होता."

शाहूराजांचा जन्म १८ मे १६८२चा. वडिलांची इथे धिंड निघाली त्या दिवशी त्यांना सातवं वर्ष पुरं व्हायला तीन महिने होते. ते रायगडावर होते, आई येसूबाईंजवळ. येसूबाईंनी धाकट्या दिराला, राजारामांना, गडाबाहेर सुखरूप जाऊ दिलं आणि आपण लेकाला घेऊन गडावर राहिल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या छावणीत कैदी झाले.

"मग तो शाळेत कुठे जायचा?" लेक विचारते.

आता तिचा किल्ला बदलला आहे. त्यात तिच्या वयाचा एक मुलगा राहायला आला आहे.

१५९६, नगरचा किल्ला

दुसऱ्या दिवशी सकाळी काष्टीहून उत्तरेला, नगरला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आबांच्या तोंडी नगरच. मलिक अहमद निजामशहानं १४९०च्या दशकात हे शहर वसवलं. सध्याचा दगडी भुईकोट त्याचा नातू हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात उभा केला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. तटाभोवती रुंद खंदक. लेक काठावर उभी राहून आधी विचारते, यात मगरी होत्या का. हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. खंदकाचं काम मगरींवाचूनही होतं, हे तिला तटाची उंची दाखवून समजवा.

आता १५९६चा फेब्रुवारी. अकबराचा मुलगा मुराद दोन महिने वेढा देऊन बसला आहे. किल्ल्यात सूत्रं चांदबीबीच्या हाती. ती हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या आदिलशहाची विधवा, आता माहेर वाचवायला उभी राहिलेली. गादीसाठी तिनं नाव पुकारलं आहे एका लहानग्याचं, नात्यानं तिचा नातू लागणाऱ्या बहादूरचं. म्हणजे इथल्या गोष्टीच्याही मधोमध एक मूल आहे.

मोगलांनी तटाखाली सुरुंग पुरले आहेत. किल्ल्यातल्या लोकांनी कान लावून, खणून त्यांतले काही शोधले आणि दारू काढून घेतली. पण एक राहिला. तो उडतो. पायाखालची जमीन हादरते, धूळ बसते, आणि तटाला मोठं खिंडार पडलेलं दिसतं. शिपाई मागे सरतात. तेवढ्यात चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा घेतलेली चांदबीबी उपसलेली तलवार घेऊन खिंडारात उभी राहते. दिवसभर हल्ले परतवले जातात. रात्र होते. आणि रात्रभर किल्ल्यातली सगळी माणसं दगड, माती, लाकूड, हाती लागेल ते घेऊन भिंत रचत राहतात. तुम्हीही रांगेत आहात, तुमच्याही हातात टोपली आहे. लेक तुमच्या शेजारी लहान दगड पुढे देते आहे. भिंत ढासळली की काय करायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही; दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज दरवर्षी एकदा तरी कोसळतोच. पहाटे मुराद बघतो तर खिंडार बुजलेलं आहे.

वेढा तहानं उठला, वऱ्हाड मोगलांना गेलं. चार वर्षांनी, १६०० साली, फंदफितुरीत चांदबीबी आपल्याच लोकांकडून मारली गेली आणि किल्ला पडला. लहानग्या बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं.

"त्यालाही?" लेक म्हणते.

त्यालाही.

१७०७, भिंगार

किल्ल्याच्या अगदी जवळ भिंगार. इथे शाहूंची गोष्ट पुरी होते. ती अर्धी सोडून लेकीला झोपवू नका.

३ मार्च १७०७. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा औरंगजेब इथल्या छावणीत मरण पावतो. मराठे संपवायला म्हणून तो दख्खनमध्ये उतरला, त्याला पाव शतक झालं. राजे मारून मराठे संपले नाहीत. बादशहाचा देह खुलताबादला नेला जातो. छावणीत एक मराठा तरुण आहे, पंचविशीला आलेला. सात वर्षांचा असताना तो या छावणीत आला आणि बादशहाच्या फौजेबरोबर फिरत फिरतच मोठा झाला. मे महिन्यात, उत्तरेकडे जाणाऱ्या छावणीतून, त्याला सोडलं जातं. पुढच्या जानेवारीत साताऱ्याला तो छत्रपती होतो.

"आणि त्याची आई?"

येसूबाई ओलीस राहिल्या. त्यांना सुटायला १७१९ उजाडलं; बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा त्या आल्या. तीस वर्षं. लेक तुमचं बोट घट्ट धरते. त्या पकडीत जेवढा इतिहास तिला कळला आहे, तेवढा तिच्या वयाला पुरेसा आहे.

१९४२ ते १९४५, पुन्हा किल्ल्यात

शेवटची मजल. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि त्यांतले बारा जण या किल्ल्यात आणले गेले: नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी इथेच १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत 'भारताचा शोध' लिहून काढला. त्याच ऑगस्टात त्यांचा पहिला नातू राजीव जन्मला. आजोबा इथे कोंडलेले होते.

लेकीला मात्र आझादांच्या खोलीची गोष्ट सांगा. त्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधली होती. आधी त्यांच्या कचऱ्याचा आझादांना त्रास झाला. मग त्यांनी तांदळाचे दाणे पसरले आणि न हलता बसून राहिले. चिमण्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, पुढे हातावरचे दाणे टिपू लागल्या. त्यांनी त्या चिमण्यांना नावं दिली आणि 'गुबार-ए-खातिर'मध्ये त्यांच्यावर लिहिलं. याच कैदेत असताना, १९४३च्या एप्रिलमध्ये, कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा वारल्या. शेवटची भेट झाली नाही.

लेक तटावरच्या चिमण्या मोजू लागते. तुम्ही आबांच्या शेजारी बसता. आता जे कळलं ते सरळ सांगते.

मुलांना किल्ला दाखवताना आपण सनावळ्यांपासून सुरू करतो आणि तलवारीवर संपवतो. मूल दहा मिनिटांत कंटाळतं, आपण त्याच्या हातात फोन देतो आणि म्हणतो, याला इतिहासाची गोडी नाही. गोडी असते. त्याला किल्ल्यात शिरायला त्याच्या उंचीचा दरवाजा हवा असतो, आणि तो दरवाजा म्हणजे त्याच्या वयाचं माणूस. पेडगावच्या मागे शाहू आहे, नगरच्या तटाआड बहादूर आहे. कपचे वेचणारी पाथरवटाची पोरं जिथे देऊळ बांधलं गेलं तिथे तिथे होती. या मुलांपासून सुरुवात केली की पाणी, भाकरी, आई, भीती, धीर हे सगळं आपोआप येतं आणि मग लढायाही समजतात. क्रौर्य लपवावं लागत नाही आणि चघळावंही लागत नाही.

नेताना साधी पथ्यं पाळा. फेब्रुवारी उलटला की भीमाकाठी ऊन सोसत नाही. सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी घ्या. नदीकडच्या तटावर आणि पडक्या भिंतींवर मुलाचा हात सोडू नका. दिवसाला एक किल्ला पुरे. वीरगळाला शेंदूर फासू नका, खांबावर नाव कोरू नका आणि कुणी कोरत असेल तर मुलादेखत त्याला थांबवा. खाल्लेल्याचा कागद परत घेऊन या. गावातली तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी कोयते-फावडी घेऊन गडावरची झुडपं काढताना दिसली तर तासभर त्यांच्याबरोबर राबा; लेकीलाही चार दगड उचलू द्या.

आणि फार लांब जायचीही गरज नाही. नगर जिल्ह्यात, मराठवाड्यात, सोलापुराकडे गावोगावी भुईकोट आणि गढ्या आहेत. कित्येकांची माती लोक घरं बांधायला नेत आहेत. तुमच्या गावाजवळचा असा एक निवडा. तिथे कोण राहत होतं, त्यांची मुलं कोण, पाणी कुठून यायचं, एवढं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. यंदा दिवाळीचा किल्ला करण्याआधी मुलांना तो दाखवून आणा.